सर्टिफिकेट जपून ठेवा

समजा तुमचा जन्म नायजेरियात झाला आणि पदवी हाती पडली. पेढे एवढ्यात वाटू नका, देशसेवेचं एक वर्ष बाकी आहे. ती सक्तीची असल्यामुळे 'करू की नको' असा मनस्ताप नाही.

1967 ते 70 च्या यादवी युद्धानंतर तेव्हाचे लष्करी शासक जनरल गोवन यांना वाटलं, दक्षिणेतला योरुबा पोरगा उत्तरेत आणि उत्तरेतली हौसा पोरगी दक्षिणेत वर्षभर राहिली, तर पुन्हा एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत. 1973 मध्ये त्यांनी ही सेवा, म्हणजे एनवायएससी (नॅशनल यूथ सर्व्हिस कोअर) सुरू केली. कल्पना खरोखर चांगली होती. निस्तरायची आता तुम्हाला आहे.

सेवा टाळायचा पहिला उपाय वयाचा. तिशी ओलांडल्यावर पदवी मिळाली तर सूट मिळते. त्यासाठी नापासच व्हायला हवं असं नाही, प्राध्यापकांचे संपही हातभार लावतात. 2022 चा संप आठ महिने चालला.

ते जमलं नाही तर नेमणुकीकडे लक्ष द्या. देश जोडायचा असल्यामुळे तुम्हाला परक्या राज्यात धाडतात. पण देश लागोस किंवा राजधानी अबुजात बसूनही जोडता येतो, फक्त वशिला हवा. तिकडे त्याला 'लाँग लेग' म्हणतात, म्हणजे लांब तंगडी. ती नसेल तर आजारपणाचं कारण म्हणून दमा काढा. तोही नसेल तर लग्न करा, विवाहितेला नवऱ्याच्या गावी नेमणूक मिळते. पुरुषांनी या सवलतीकडे आशेने पाहू नये.

मग तीन आठवड्यांचं शिबिर. पहाटे बिगुल वाजतो, पांढऱ्या हाफ पँटीत कवायत करायची, सैनिक 'अजुवाया!' असा ओरडला की पुन्हा पहिल्यासारखं उभं राहायचं. हा 'ॲज यू वेअर'चा अपभ्रंश. त्यानंतर तुम्ही पेट्रोलियम इंजिनिअर असलात तरी बहुधा खेड्यातल्या शाळेत गणित शिकवाल. काही जण मुख्याध्यापकांशी गोड बोलून घरी जातात आणि महिन्यातून एकदा सहीपुरते प्रकटतात. अशांना तिकडे भूत म्हणतात. भुताचा भत्ता मात्र जिवंत माणसाइतकाच, आता महिना 77,000 नायरा.

निवडणुकीचं काम आलं तर मात्र विनोद आवरा. 2011 च्या मतदानानंतर बाउची राज्यात सेवेचं वर्ष करणारे दहा कोअर सदस्य मारले गेले. देश जोडायलाच गेले होते ते.

कायदा मोडायचं मनात येतंय? सेवा टाळणाऱ्याला कायद्यात 2,000 नायरा दंड आहे, म्हणजे एका दिवसाच्या भत्त्याहून कमी. सोबत वर्षभराच्या कैदेचीही सोय आहे, पण खरा धाक सेवा पूर्ण केल्याच्या सर्टिफिकेटचा. ते नसेल तर नोकरी मागायला कुठल्या तोंडाने जाल?

आणि ते खरं असू द्या. नायजेरियाच्या तेव्हाच्या अर्थमंत्री केमी अडेओसन यांचं सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र बनावट निघालं आणि सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते बनावट आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. 2021 मध्ये अबुजाच्या न्यायालयाने निकाल दिला, की पदवी घेताना त्या ब्रिटिश नागरिक होत्या, त्यामुळे सेवा त्यांना लागूच नव्हती. म्हणजे मंत्रिपद गेलं ते गरजच नसलेल्या कागदापायी.

तुमच्याकडे गरज असलेला कागद आहे. आजच चार झेरॉक्स काढून ठेवा.