बर्बन आणायला चाललोय

आयुष्यात पहिल्यांदा मी घरात खरं सांगून दारू आणायला निघालो. शनिवारी संध्याकाळी चपला घालत होतो, बायकोने आतून विचारलं कुठे चाललास, आणि गाडीत हवा भरायला, एटीएमला वगैरे नेहमीचं काही सुचायच्या आत तोंडातून निघून गेलं, "बर्बन आणायला." मी जागच्या जागी गार. तर ती म्हणाली, "बोरबॉन म्हणतात त्याला. दोन पुडे आण, पोरांच्या डब्याला होतील." अडवणं तर लांबच, वरून पिशवी दिली हातात.

हे सगळं आमच्या बँकवाल्या मित्राने लावलेलं. आठवडाभर डोकं खात होता की बघ भो, २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राने बर्बनवरची, म्हणजे त्या अमेरिकन व्हिस्कीवरची आयात ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० टक्के केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने आपल्या नेहमीच्या व्हिस्कीवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, म्हणजे आपली महाग, अमेरिकेची स्वस्त, मग आपण काय येडे आहोत का. १५० चे १०० म्हणजे ५० गेले, ५० गेले म्हणजे निम्मी किंमत, असं गणित मी केलं. दहावीला गणितात मला ४१ होते हे तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

गंगापूर रोडच्या पहिल्या दुकानात काउंटरवरचा पोरगा "काय?" म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्याने मागे वळून शेठला विचारलं, शेठने मोबाइलमधून डोकं वर न काढता मान हलवली. वाईन कॅपिटल म्हणवणारं आपलं नाशिक, दुकानावर 'वाईन शॉप' अशी हातभर पाटी, आणि आत खरी वाईन बघावी तर कोपऱ्यात झोपवून ठेवलेली, तिथे बिचाऱ्या बर्बनला कोण विचारतो. दुसऱ्या दुकानात म्हणाले टेनेसीवाली आहे, जॅक डॅनियल्स, तीच समजा. आता ती बर्बन म्हणवून घेत नाही, मेपलच्या कोळशातून गाळतात म्हणून तिचं खातं वेगळं, एवढं मी वाचून गेलो होतो आणि तिथेच माझं चुकलं, कारण मी ते सांगायला लागलो. मागे पंधरा-वीस जण. एकाने माझ्या खांद्यावरून हात घालून शंभरच्या दोन नोटा पुढे केल्या, "काका, तुमचं लेक्चर होऊ द्या, आमची क्वार्टर देऊन टाक रे."

मुंबई नाक्याच्या बाजूला तिसऱ्या दुकानात मिळाली. स्टुलावर चढून पोराने सगळ्यात वरच्या फळीवरून काढली, फडक्याने पुसली, फडकं काळं झालं. किंमत साडेतीन हजाराच्या वर. निम्मी कुठे गेली हे मी गाडीवर बसून पुन्हा मांडलं. समजा माल बंदरात उतरला हजार रुपयांचा, तर आधी ड्युटी धरून अडीच हजार व्हायचे, आता दोन हजार. म्हणजे सूट वीस टक्के. मग त्यावर राज्याचं शुल्क, व्हॅट, मधल्या लोकांची टक्केवारी. आणि ही बाटली जुन्या ड्युटीची की नव्या, ते त्या फडक्यालाच माहीत.

गच्चीवर मंडळी जमलेली. बँकवाला, दिंडोरीकडचा आमचा द्राक्षवाला मित्र, अमेरिकेत पोराकडे सहा महिने राहून आलेले शेजारचे काका, आणि येवल्याहून मक्याचे पैसे घ्यायला नाशकात आलेले माझे दाजी. दाजींना मी बोलावलं नव्हतं पण बहिणीच्या नवऱ्याला गच्चीवरून खाली कसं पाठवणार.

बाटली मध्ये ठेवली आणि काकांनी सुरू केलं. बर्बन म्हणवून घ्यायला धान्यात कमीत कमी ५१ टक्के मका लागतो, आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, १९६४ साली त्यांच्या काँग्रेसने तसा ठरावच केला की हा आमच्या देशाचा खास माल. "कुठल्या काँग्रेसने?" दाजी दचकले. मग त्यांचं डोकं मक्यावर आलं. "मका? म्हणजे आपला मका? पावण्या, आज बाजार समितीत व्यापाऱ्याने माझ्या मक्यात मॉइश्चर जास्त म्हणून भाव पाडला. अन् हितं बाटलीत नुसतं मॉइश्चर भरलंय तर चार हजार?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं म्हणून मी ग्लास भरले.

द्राक्षवाला वायनरीला माल घालतो, त्यामुळे त्याने आधी नाक घातलं. ग्लास फिरवला, डोळे मिटले, व्हॅनिला म्हणाला, मग कॅरॅमल म्हणाला. बँकवाला म्हणाला मला तर खोकल्याच्या औषधाचा वास येतोय, आणि गोडच प्यायची तर मी रसवंतीवर नसतो का गेलो, स्कॉच ती स्कॉच. (ही आणायला मला यानेच पाठवलेलं, हे लक्षात घ्या.) दाजींनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि बराच वेळ समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पावसाळ्यात सोमेश्वरला धबधब्यापाशी कणीस भाजून देतात बघ. तेच हाय हे. फक्त लिंबू-मीठ लावलेलं नाही."

खरं सांगतो, त्या रात्री चवीबद्दल याच्याइतकं नेमकं कोणी बोललं नाही. मका आणि जळकं लाकूड, अजून काय असतं त्यात. तो व्हॅनिलासुद्धा कोणी बाहेरून घालत नाही, ओकचं लाकूड तापवलं-जाळलं की त्यातूनच येतो.

मग कशात घ्यायची यावर पाऊण तास. काका म्हणे नुसती, फार तर एक बर्फाचा खडा. द्राक्षवाला म्हणे दोन थेंब पाणी. एवढ्यात दाजींनी शांतपणे कोला ओतला. काकांनी तोंड असं केलं की जणू कोणी सत्यनारायणाच्या प्रसादावर रस्सा वाढला. त्यातच काका बोलून गेले की बर्बनचं पिंप एकदा वापरलं की दुसऱ्यांदा बर्बनला चालत नाही, म्हणून ती रिकामी पिंपं विकतात आणि त्यातली ढीगभर स्कॉटलंडला जातात, त्यांची बरीचशी स्कॉच त्यातच मुरते.

दाजींचा ग्लास हवेत थांबला. "म्हणजे साहेबांची स्कॉच सेकंडहँड पिंपातली?"

बँकवाल्याचा चेहरा बघायला पाहिजे होता. वीस वर्षं हा माणूस आम्हाला स्कॉचवरून ऐकवतोय. त्यानंतर तो फक्त चिवडा खात होता, तोही कांदा निवडून.

मी काकांना विचारलं, तिकडे तर हे सगळं गल्लोगल्ली मिळत असेल. काका हसले. म्हणाले, जिम बीम पाहिजे तेवढी मिळते, पण तिला तिथले शौकीन नाकं मुरडतात. त्यांना ब्लँटन्स पाहिजे, जिच्या बुचावर घोडा आणि जॉकी असतो, आठ बुचं, प्रत्येकावर एक अक्षर, सगळी जमली की नाव पूर्ण होतं, लोक बुचांसाठी बाटल्या शोधत फिरतात. दुकानात गेलं की कालच संपली म्हणतात. ओळख काढावी लागते, यादीत नाव लिहून ठेवावं लागतं. एकूण काय, मिळते ती आवडत नाही आणि आवडते ती मिळत नाही. "आपल्या युरियासारखंच की," दाजी म्हणाले, आणि त्यांनी तिसरा भरला. कणीस कणीस म्हणत निम्मी बाटली या माणसाने एकट्याने संपवली.

साडेनऊला खालून बायकोची हाक आली. "अरे, बोरबॉन आणलीस ना?" गच्चीवर एकदम सामसूम. काकांनी घाईघाईत बाटली कुंडीमागे सरकवली. मी तसाच वेलदोडा चघळत कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे पळालो, तो शटर अर्धं खाली ओढून हिशेब करत होता.

"बोरबॉन संपली काका. दुपारीच. मारी देऊ?"

"पुन्हा कधी येईल?"

"सोमवारी गाडी येते. पण लगेच उचलतात लोक."

मी शटरखालून आणखी वाकलो आणि म्हटलं, "दोन पुडे बाजूला काढून ठेव. नाव लिहून घे माझं."