मारामारीचा गेम म्हणू नका त्याला

आज शाळेत पालकसभा होती. बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या मुलाची इतिहासाची वही उचलली, मागचं पान उघडून दाखवलं आणि म्हणाल्या, "दिवसभर मारामारीचे गेम खेळल्यावर वहीत हेच उमटणार." दोन-तीन पालक हसले. पोरगं शेजारीच मान खाली घालून उभं होतं, म्हणून तिथे मी गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं तापलंय.

त्या पानावर काय होतं ते ऐका. पेन्सिलीने काढलेली, पुढे फुगलेली कमान. तिच्या दोन्ही टोकांना जाड चौकोन, कडेला घोडदळाचे त्रिकोण. खाली दुसरं चित्र, त्यात तीच कमान आत दबलेली आणि चौकोन आतल्या बाजूला वळलेले. ही कॅनाईची लढाई आहे, इ.स.पू. २१६. रोमशी लढणाऱ्या, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीने मधली फळी मुद्दाम पुढे काढली होती. ती मागे सरत गेली, रोमन आत घुसत गेले, मग दोन्ही बाजूंनी आफ्रिकी पायदळ वळलं आणि घोडदळाने पाठीमागून वाट बंद केली. रोमन ८०,००० च्या घरात, हॅनिबलकडे ५०,००० च्या आसपास. सातवीतल्या पोराने हे न बघता काढलंय आणि बरोबर काढलंय! नुसतं विचारलं असतं ना, "मधली फळी फुटली असती तर काय झालं असतं रे?", तर तास संपेपर्यंत तो बोलत राहिला असता.

गेमचं नाव 'रोम: टोटल वॉर'. २००४ सालचा आहे, आमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. इ.स.पू. २७० पासून सुरू होतो, वर्षाला दोन खेळ्या, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. लढाया आहेतच. पण याचा बराचसा वेळ कर किती लावायचा, आधी गटारं बांधायची की बाजार, यातच जातो. सैन्य भरती केली की त्या गावाची लोकसंख्या तेवढी कमी होते, आणि तुकड्या नुसत्या उभ्या असल्या तरी दर खेळीला खजिना खातात. त्यावरूनच एकदा जेवताना त्याने विचारलं, "आई, पानिपतावर भाऊंच्या सैन्याला पैसा आणि धान्य कुठून येत होतं?" मग गोविंदपंत बुंदेल्यांची गोष्ट निघाली. ते मारले गेल्यावर रसद कशी तुटली, सगळं निघालं. पानिपताची पाच कारणं पाठ करून हा प्रश्न पडतो का कुणाला?

आणि ती कार्थेजची रात्र. रोममधल्या सिपिओ घराण्याकडून खेळत होता. कितीतरी दिवस खपून त्याने कार्थेज जिंकलं. शहर पडलं की हा गेम तीन पर्याय देतो: नुसतं ताब्यात घ्या, लोकांना गुलाम करा, नाहीतर कत्तल करा. किती माणसं जाणार, किती पैसा येणार, सगळं लिहिलेलं असतं. त्याने हाक मारली, "आई, इकडे ये ना." मी पोळ्या टाकून गेले. म्हटलं, तूच ठरव. त्याने नुसतं ताब्यात घेतलं. शहर मोठं, लोक नाराज, दंगे सुरू झाले, शेवटी बंड होऊन याचं सैन्यच बाहेर फेकलं गेलं. परत वेढा, परत तेच तीन पर्याय. या वेळी त्याने तिसरा निवडला. खजिना भरला, दंगे थांबले. मला म्हणाला, "एकदम शांत झालं गं." पण चेहरा जिंकलेल्याचा नव्हता. मग विचारलं, "खऱ्या रोमन लोकांनी काय केलं होतं?"

मी सांगितलं. तीन वर्षांच्या वेढ्यानंतर इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती सिपिओ एमिलिआनसने कार्थेज घेतलं, जाळलं, आणि जे हजारो लोक वाचले त्यांना गुलाम म्हणून विकलं. जळतं शहर बघताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तिथे हजर असलेल्या पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. जमिनीत मीठ पेरल्याची गोष्ट मात्र प्राचीन लिखाणात कुठेच नाही, ती फार नंतर चिकटवलेली आहे. पोरगं म्हणालं, "रडला, तरी जाळलंच ना?"

मारामारी म्हणे! सत्ता हातात आल्यावर माणूस कत्तलीपर्यंत कसा पोचतो, तो रस्ता त्या रात्री माझ्या पोराने स्वतः चालून पाहिला आणि त्याचा त्याला त्रास झाला. कुठल्या स्वाध्यायातून होतं हे?

बरं, डोळे बिघडतात, झोप कमी होते, हे मान्य. आमच्याकडे दहाला लॅपटॉप बंद होतो. गेममध्ये चुकाही आहेत. टॉलेमी राजघराण्याच्या ग्रीक वळणाच्या इजिप्तला तिथे हजार वर्षं जुना फारोंचा थाट चढवलाय. आणि बायका? वंशावळीत मुली दिसतात त्या जावई आणण्यापुरत्या, याचा मला खरंच राग येतो. पण या चुका त्यानेच मला दाखवल्या, कारण गेममध्ये काही दिसलं की तो जाऊन शोधून वाचतो.

बाईंवर माझा राग नाही, म्हणजे आता थोडा उतरलाय. पन्नास-साठ पोरं सांभाळायची, वर शाळेबाहेरची कामं, त्यात कोणाची कमान कसली हे बघायला वेळ कुठून आणणार त्या? पण चारचौघांत पोराची वही फिरवायला नको होती. घरी आल्यावर त्याने ते पान फाडायला घेतलं होतं. मी फाडू दिलं नाही. सोमवारी वही घेऊन बाईंना भेटणार आहे. त्यालाच समजावून सांगायला लावेन, बाईंनी फक्त दहा मिनिटं द्यावीत.

तुमच्यापैकी कुणाला रोम आणि कार्थेजवर मराठीत चांगलं पुस्तक माहीत असेल तर कमेंटमध्ये नाव टाका. लहान मुलांसाठीचंच हवं असं नाही, मोठ्यांचंही वाचतो तो.