नोकरीच्या जाहिराती म्हणजे नोकऱ्या नव्हेत

आज आमच्या महाविद्यालयात नव्या अभ्यासक्रमांची बैठक झाली आणि दुपारपासून माझे डोके तापलेले आहे. पुढच्या वर्षापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सची पदवी सुरू करावी, असा प्रस्ताव होता. त्याला आधार म्हणून 'श्रमबाजाराची आकडेवारी' या भारदस्त नावाखाली पडद्यावर जे आले, ते नोकरीच्या संकेतस्थळांवरील जाहिरातींचे आलेख होते. त्यांत हिंजवडी होती, खराडी होती, बंगळूर आणि हैदराबाद होते. सांगली, मिरज, कुपवाड यांचा कुठे पत्ता नव्हता. आपल्या जिल्ह्याचे आकडे कुठे आहेत, असे मी विचारले, तेव्हा "सर, तसा डेटा उपलब्ध नाही," असे उत्तर मिळाले आणि बैठक पुढच्या विषयाकडे सरकली.

उद्या कोणी मला जुनाट मास्तर ठरवू नये म्हणून आधीच सांगतो, की आकडेवारीला माझा विरोध नाही. इतकी वर्षे अभ्यासक्रम कशाच्या बळावर सुरू झाले, हे आपण सगळेच जाणतो: शेजारच्या संस्थेने काढला म्हणून, एक मजला रिकामा होता म्हणून, कोणाच्या तरी भाच्याला चिकटवायचे होते म्हणून. त्यापेक्षा आकडे केव्हाही बरे. पण ते मोजणार कशाचे?

काही वर्षांपूर्वी, हंगाम संपता संपता, मी मेव्हण्याबरोबर त्याचा बेदाणा ठेवायला तासगाव रस्त्यावरच्या एका शीतगृहात गेलो होतो. अमोनियाचा कॉम्प्रेसर पहाटेच बंद पडला होता, दुरुस्तीचा माणूस पुण्याहून निघाला होता, हमालांनी बॉक्स उतरवायचे थांबवले होते आणि मालक दर पाच मिनिटांनी आत जाऊन खोलीचे तापमान बघून येत होता. मी महाविद्यालयात शिकवतो, हे कळल्यावर तो म्हणाला, "सर, एक पोरगा द्या की मला. डिग्री कसलीबी असू दे, पण कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की त्याला कळाया पाहिजे. पगार तुम्ही सांगा."

या माणसाने जाहिरात दिली नव्हती आणि तो कधी देणारही नाही. तो पाहुण्यांना विचारतो, सौद्याला आलेल्या अडत्यांच्या कानावर घालतो. त्यामुळे आज पडद्यावर झळकलेल्या आलेखात त्याची गरज शून्य आहे.

सरकारी आकड्यांतही तो सहज सापडत नाही. भविष्य निर्वाह निधीची मासिक आकडेवारी 2018 पासून प्रसिद्ध होते, पण तो कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो. आपल्याकडची बेदाण्याची कित्येक शेड, हळद पॉलिश करणारे कारखाने आणि लेथची वर्कशॉपे त्या रेषेच्या अलीकडेच थांबतात. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या, म्हणजे पीएलएफएसच्या, रचनेत जानेवारी 2025 पासून जिल्हा हे मूळ एकक धरले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यातून एवढेच कळेल, की किती लोक कामात आहेत आणि किती रिकामे. तासगावच्या मालकाला कोणता पोरगा मिळत नाही, हे त्यातून कळणार नाही.

आणि वेळेचे काय? कुठे कोणते अभ्यासक्रम हवेत हे ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात बसणारा प्रस्ताव करा, मान्यता मिळवा, प्राध्यापक नेमा, मग तीन-चार वर्षे शिकवा. आजच्या जाहिराती पाहून काढलेल्या पदवीची पहिली तुकडी बाहेर पडेल, तेव्हा त्या जाहिराती कोणाला आठवणार आहेत? याची चिंता त्या बैठकीत एकालाही नव्हती, कारण निर्णय आधीच झाला होता आणि आकडे त्यावर शिक्का मारायला आणले होते. संताप येतो तो याचा. गुंठा-दोन गुंठे विकून फी भरणारा बाप त्या आलेखावर विश्वास ठेवतो हो!

आता मान्य करायचे ते मान्य करतो. पोरांना पुण्याला जायचे असते आणि त्यांना इथे अडकवून ठेवण्याचा अधिकार मला नाही. शीतगृहाचा मालक "पगार तुम्ही सांगा" म्हणाला खरा, पण मी आकडा सांगितला असता तर त्याचा चेहरा पडला असता, हेही मला ठाऊक आहे. त्याचे काम पदवीचे नाही, आयटीआयचे आहे, असे कोणी म्हणेल. कॉम्प्रेसरपुरते ते खरेही आहे. मग युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची रेसिड्यू तपासणी, म्हणजे त्यांत उरलेले कीटकनाशकांचे अंश शोधणे, किंवा हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रमाण काढणे, ही कामे कोणाची? रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या आमच्या मुलांना ती उपकरणे आम्ही कितीदा हाताळू दिली?

मला हवी असलेली आकडेवारी फार महागडी नाही. गेल्या पाच वर्षांत आमच्याकडून बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत, काय करतात आणि पगार किती घेतात, एवढे फोन करून विचारले, तरी ती निम्मी जमते. उरलेल्या निम्म्यासाठी दोन प्राध्यापकांनी कुपवाडच्या एमआयडीसीत आणि तासगावच्या शीतगृहांत जाऊन बसावे आणि कोणते काम अडते, त्यासाठी बाहेरून माणूस किती वेळा बोलवावा लागतो, त्याला काय मोजावे लागते, हे लिहून आणावे. त्यानंतरही डेटा सायन्सच काढायचे ठरले, तर खुशाल काढा.

ज्यांची शीतगृहे, प्रयोगशाळा किंवा वर्कशॉप आहेत, त्या मित्रांनी मला एवढेच कळवावे, की वर्षभरात कोणती जागा माणूस न मिळाल्याने रिकामी राहिली आणि तिचा पगार किती होता. पगाराचा आकडा खरा द्या. पुढच्या बैठकीत ती यादी मी स्वतः वाचून दाखवणार आहे.