अंगठा

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून द्यायचं दुकान. माझं वय ४६. म्हणजे मुनीममामांहून वीस वर्षांनी लहान आणि कॉम्प्युटरवाल्या पोराहून बावीस वर्षांनी मोठा. दोघांच्या मधोमध माझी गादी. पाटीवर मालक म्हणून माझं नाव आहे, पण काम दुभाष्याचं.

परवा मामांनी अर्धा तास खपून, एक वेलांटी न चुकवता पोराला मेसेज लिहिला : 'औशाच्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी आजच करणे.' पोरानं नुसता अंगठा पाठवला. मामा तरातरा माझ्यापुढं.

"मालक, हे पोरगं मला अंगठा दाखवूलालंय!"

"मामा, त्याचा अर्थ हो असा असतो."

"कधीपासून? ७२ च्या दुष्काळात आईबापानं खडी फोडून शिकवलं मला, अंगठा उठवायची पाळी येऊ नये म्हणून."

खरी जुंपते ती ओलाव्यावरून. सोयाबीन आलं की मामा चार दाणे दाढेखाली धरतात. कट्‌कन फुटला तर वाळलेला, दात रुतला तर ओला. "बारा," म्हणून मोकळे. पोरगं तेच दाणे मीटरमध्ये ओततं. "बारा पॉइंट चार." सरकारी खरेदीची नेहमीची अट बारा टक्क्यांची, त्यामुळं ते पॉइंट चार सगळ्यांच्या घशात अडकतं. शेतकरी म्हणतो, "मामाचं धरा." पुढच्याच्या मालाला मामा चौदा सांगतात आणि मीटर तेरा. तो म्हणतो, "मशीनचं धरा." दोघंही माझ्याकडं बघतात. मी पंख्याकडं बघतो.

रजेचं तर विचारूच नका. पोरानं रात्री साडेअकराला कळवलं, 'उद्या येत नाही, बर्नआउट.' सकाळी मामांना अर्थ सांगितला, जळून गेल्यासारखं होतं म्हणून. ते हळहळले, "अरेरे! कोणती मोटर? विहिरीवरची का बोअरची?" मामांनी स्वतः रजा मागितलेली मला एकदाच आठवते. २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा, ती बघायला. अर्धा दिवस.

शेवटी एका दुपारी चहा पाजून दोघांची समजूत घातली. अंगठा म्हणजे हो. अचानक फोन करायचा नाही, आधी मेसेज टाकायचा. मामा मान डोलावत होते, मला बरं वाटलं.

काल मी देवणीला लग्नात. उदगीरच्या दाळमिलवाल्याकडं आमचे पैसे अडकलेले, म्हणून मामांना फोन लावला. त्यांनी कट केला. मग मेसेज टाकला, 'मामा, उदगीरचे पैसे आले का?'

दोन मिनिटांनी मामांचा अंगठा आला.

हा नवा का जुना, ह्या विचारात माझी जिलेबी गार झाली.