पाव वळणाचा दांडा

लहान मूल घेऊन ब्रुअरी, म्हणजे बीअरचा कारखाना, बघायला जायचं असेल, तर आधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात. मुलांना आत घेतात का? आणि आज तिथे काय चाललंय? दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तिथेच फसतं. धुण्याचा दिवस असेल तर टाक्यांमधून सत्तर-ऐंशी अंशांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरत असतं. त्या दिवशी मोठ्यांनीही घरी बसावं. शिजवण्याचा दिवस असेल तर वर्टला, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) गोड काढ्याला, तासभर उकळी चालते आणि वाफेचा वास कोंदतो. आपण डोळे मिटून "अहाहा, माल्ट!" म्हणतो. मूल त्याच वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "शी, कसला घाण वास!" असं जाहीर करतं. पोरासाठी उत्तम दिवस म्हणजे काहीच न घडणारा: टाक्या भरलेल्या, फरशी कोरडी, यीस्ट निमूटपणे कामाला लागलेलं.

माझी खरी तक्रार उंचीबद्दल आहे. बघण्यासारखं सगळं वर असतं. जे फिरतं, वळतं आणि उघडतं, ते मात्र जमिनीपासून तीन फुटांच्या आत. आंबवण्याच्या टाकीचा तळ शंकूसारखा निमुळता असतो, कारण काम संपलेलं यीस्ट तिथे साचतं. त्या टोकाला बटरफ्लाय व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हला छान लांब दांडा. पाव वळण दिलं की तो पूर्ण उघडतो. ज्याला दाराची कडी काढता येते त्याला हेही जमतं, आणि मग बुटांवर दाट रंगासारखा गाळ येतो. शहाणी माणसं व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपण बसवून क्लॅम्प आवळतात. क्लॅम्पला चाकासारखा नट असतो. तोही फिरतो.

बाबागाडी नेऊ नये. पाणी मोरीकडे वाहावं म्हणून फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो, मीटरला एक-दोन सेंटिमीटर. डोळ्याला तो दिसत नाही, चाकांना मात्र नेमका कळतो. त्यात वाटेत आडव्या पडलेल्या नळ्या. तेव्हा पोर कडेवर, आणि पायात बंद बूट. कडेवर घ्यायला आणखी एक कारण आहे: आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो, म्हणून बंदिस्त खोलीत तो खाली साचतो. त्याचा मीटरही भिंतीवर खालीच लावतात. त्याला बटणं असतात. पुढचं सांगायला नको.

माहिती देणारा माणूस पाऊण तास बोलतो. मूल वीस मिनिटं टिकतं. मॅशचं, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचं, तापमान पासष्ट-अडुसष्ट अंश का, हॉप्स नावाची फुलं उकळताना आधी टाकली तर बीअर कडू आणि शेवटी टाकली तर सुगंधी का, हे सगळं त्या वीस मिनिटांत उरकायला लावावं. मुलाला समजणारा भाग एकच: यीस्ट साखर खातं आणि बुडबुडे सोडतं. "म्हणजे पादतं?" असा प्रश्न येतोच. शास्त्राच्या दृष्टीने त्याला आक्षेप घेता येत नाही. पुढचा प्रश्न "मग शू कुठे करतं?" हा असतो, आणि त्याचं खरं उत्तर आपल्या हातातल्या ग्लासात असतं.

दाखवायला म्हणून माल्टचे दाणे हातावर ठेवतात. गोड, कुरकुरीत, पण चारेक वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकतील असे. मोठ्यांनी खावेत.

चव घेण्याचा कार्यक्रम हा या सहलीचा अधिकृत हेतू, आणि तोच सगळ्यात तोकडा. शंभर मिलिलिटरचे चार ग्लास, पाच टक्क्यांची बीअर, म्हणजे सोळा ग्रॅम अल्कोहोल. ते शरीरातून जायला ढोबळमानाने दोन तास. गाडी चालवणाऱ्याने एकही ग्लास उचलायचा नाही, हे घरून निघतानाच ठरवावं. तिथे ठरवलं तर भांडण होतं. मुलाला फेस हवा असतो. त्याच्यासाठी झाकणाची बाटली न्यावी, कारण ग्लास ज्या लाकडी पट्टीत मांडून देतात तिच्यातले चारही एका कोपराने आडवे होतात.

निघताना खरी पंचाईत. टाकीतून एक नळी खाली येऊन बादलीतल्या पाण्यात बुडवलेली असते, गॅस बाहेर पडावा पण हवा आत जाऊ नये म्हणून. बादली बुडबुडत असते. लाखोंची यंत्रं एकीकडे राहतात आणि पोर त्या बादलीपाशी उकिडवं बसतं. "थांबली की जाऊ," असं चुकूनही कबूल करू नये. एलच्या, म्हणजे उबेत झटपट आंबणाऱ्या बीअरच्या, टाकीत हा जोर दोन-चार दिवस टिकतो. थंडीत सावकाश आंबणारी लागर असेल तर त्याहून जास्त.