उकळी आणली की सगळं मरतं? नाही मरत!

मावशीने परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. "फ्रीजमधलं अन्न म्हणजे विष. उरलेलं झाकून बाहेरच ठेवा, सकाळी खळखळून उकळी आणली की सगळे जंतू मरतात. वास आला नाही तर खुशाल खा. गरम अन्न चुकूनही फ्रीजमध्ये ठेवू नका." शिवाय शेवटी चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो, ही भानगड. एरवी मी असलं न वाचताच पुसून टाकते. पण आईने त्याच रात्री पातेलंभर भात ओट्यावर ठेवला, आणि सकाळी मी तो फेकला म्हणून दिवसभर अबोला धरला. आता बोलणं भाग आहे.

आधी उकळीचं, कारण बाकी चुकांनी अन्न वाया जाईल, या चुकीने माणूस आडवा होईल. तांदळाबरोबर बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू बीजाणूच्या रूपात घरात येतो. बीजाणू म्हणजे कवच पांघरून झोपलेला जिवाणूच. भात शिजतो, हा शिजत नाही. पातेलं कोमट झालं की जागा होतो, वाढतो आणि वाढता वाढता विष सोडतो. त्यातलं सेरेउलाइड नावाचं, उलट्या करवणारं विष १२१ अंशांवर तासभर ठेवलं तरी टिकतं. आपली उकळी १०० अंशांची! सकाळी जिवाणू मेलेही असतील, पण त्यांनी रात्रभर करून ठेवलेलं विष पातेल्यातच राहिलं, त्याचं काय? आपल्या हातांवरून आणि नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जिवाणूचं विषही असंच चिवट. पुन्हा गरम करणं चूक नाही, करावंच. पण रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न त्याने सुधारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रं दिली आहेत, त्यात हे स्वच्छ सांगितलंय: शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, नाहीतर ६० च्या वर. मधल्या उबेत जिवाणूंची चंगळ. सगळं मनासारखं मिळालं तर काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने ८ तासांत एकाचे दीड कोटींवर जातात. हे कागदावरचं गणित आहे, पातेल्यात इतकं सरळ चालत नाही, पण रात्र किती मोठी असते ते कळायला पुरे.

वासाबद्दल दोनच वाक्यं. अन्न नासवणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे बऱ्याचदा वेगळे. दुसऱ्यांना ना वास, ना बुरशी, ना तार.

आता गरम अन्नाचं. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धा गुण द्यावा लागेल, नाइलाज आहे. वाफाळतं मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर शेजारचं अन्नही उबतं, आणि पातेल्याच्या मध्यभागी कितीतरी तास कोमटच राहतं. पण म्हणून रात्रभर बाहेर? पसरट, उथळ डब्यांत काढा, वाफ जिरली की आत टाका. "फ्रीजमधलं विष" यातही कणभर खरं आहे: थंडीत जिवाणू मरत नाहीत, मंदावतात, आणि लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रीजमध्येही वाढतो. म्हणून उरलेलं ३ दिवसांत संपवायचं आणि एकदाच गरम करायचं, तेही खायचं तेवढंच.

राहिला कांदा. तो हवेतले जंतू ओढून घेत नाही. झाकून फ्रीजमध्ये ठेवा, विषय संपला.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, माझा फ्रीज ३ वर आहे, म्हणजे ५ च्या खालीच की!" मावशी, तो ३ म्हणजे ३ अंश नव्हेत. तो नुसता बटणावरचा आकडा आहे. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेव आणि सकाळी बघ. तापाचा नको, त्याचे आकडे ३५ च्या आसपास सुरू होतात.