ती रेस नव्हती, रक्तदानाचा ड्राईव्ह होता

"रविवारी स्पोर्ट्स कारवाल्यांनी समृद्धीवर रेस लावली" असा मेसेज संभाजीनगरच्या ग्रुपांवर फिरायलाय, तो साफ खोटाय. आम्ही कारवाले समृद्धी महामार्गावर गेलोच नाही, सकाळी वेरूळला गेलो, परत येऊन रक्तदान केलं, अन् ज्यांनी रक्त दिलं त्यांच्या गाड्या घरच्यांनी चालवत नेल्या. मेसेजसोबत फिरणारा व्हिडिओ दौलताबादच्या घाटातलाय, आवाज मोठा येतो कारण चढाला खालच्या गिअरमधे इंजिन जास्त फिरतं, स्पीड मात्र कमीच असतो. विनापरवानगी रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हाय, आमच्यात कुणी लावली तर त्याला आम्हीच काढू. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तदाते कमी, अन् साठवलेलं रक्त ३५-४२ दिवसच टिकतं, म्हणून शिबिर पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. मेसेज पुढं पाठवला असेल तर हेही पाठवा, कळकळीची विनंतीय.